राग कुणाच्या बापाचा?



या अंकाचं संपादकीय वेगळ्याच विषयावर लिहून तयार होतं. ते फाडून टाकलं. माळेगावच्या यात्रेत माझं डोकं फिरलं, आणि परत आल्यावर मंडळाच्या बैठकीत ते आणखी फिरलं. एकाच आठवड्यात, दोन टोकांच्या दोन माणसांच्या तोंडून मी एकच गोष्ट ऐकली. म्हणून हे लिहायलोय.

माळेगाव आमच्या लोहा तालुक्यातलं. नांदेडहून लातूरकडं निघालं की लोह्याच्या पुढं लागतं. खंडोबाचं ठाणं. दर साल मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या सुमाराला तिथं माणसांचा आणि जनावरांचा समुद्र लोटतो. घोडे येतात, उंट येतात, गाढवांचा बाजार भरतो. वैदू, घिसाडी, गोसावी, कोल्हाटी, कुणाकुणाची पालं पडतात. वाघ्या-मुरळी येतात. तमाशाचे फड येतात. ज्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्यांचं हे चार-पाच दिवसांचं शहर. आणि या शहराला कान असतील तर ते फाटून जातील, इतकं संगीत तिथं एका वेळी चालू असतं. इकडं हलगी, तिकडं संबळ, पलीकडं भोंग्यावर सिनेमाचं गाणं.

एका फडाच्या तंबूत मी बसलो होतो. गण-गौळण झाली होती, वगाला वेळ होता, मधी फर्माइशी चालू होत्या. विशीतली एक पोरगी माइकपाशी आली आणि तिनं ‘मेरा साया’ या १९६६ सालच्या सिनेमातलं गाणं धरलं. संगीत मदनमोहनचं, मूळ आवाज लताबाईंचा. पोरीनं असं गायलं की तंबूतली शिट्टी बंद झाली. माझ्या शेजारी एक गृहस्थ होते. कडक इस्त्री, गळ्यात मफलर, बहुतेक बायकोपासून लपून आलेले. ते मान डोलावत म्हणाले, “भीमपलास आहे हो हा. पण हिला बिचारीला काय ठाऊक? सिनेमातून उचललंय.”

मी म्हणलं, “काका, चुकली का कुठं?”

“चुकली नाही. पण कळतंय कुठं तिला?”

बघा न्याय. गंधार-निषाद कोमल लागायला पाहिजेत, ते लागले. चढताना रिषभ-धैवत टाळायचे, ते टळले. सूर हलला नाही. तरी तिला कळत नाही! आणि यांना कळतं, कारण यांना नाव ठाऊक आहे. ज्याच्याकडं नाव त्याची मालकी, ज्याच्याकडं गळा त्याची मजुरी. सातबारा आणि कूळ यांचं नातं आम्हाला नवीन नाही, पण सुरातही तेच निघावं?

हे झालं एक टोक. दुसरं टोक आमच्याच घरचं.

माझी पुतणी दहावीला आहे. चांगली गाते. तिला गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा द्यायच्या आहेत, प्रारंभिक, प्रवेशिका, पुढं जमलं तर विशारद. त्यासाठी आठवड्यातून दोनदा नांदेडला जायचं, एसटीचं भाडं, गुरूची फी. तिच्या बापाला झेपत नाही. म्हणून मी मंडळाच्या बैठकीत विषय काढला की जयंतीच्या वर्गणीतून थोडा हातभार लावू. तर आपला एक तरणाबांड कार्यकर्ता उसळून म्हणाला, “काका, हे बामणी गाणं आपल्याला कशाला? सा रे ग म करून ती काय देवळात गाणारय? राग-बिग त्यांचे. आपली हलगी आपल्याला बास.” आणि चार-पाच पोरांनी माना हलवल्या. पुतणी दारात उभी राहून ऐकत होती. ती काही बोलली नाही. चप्पल घालून निघून गेली.

आता जोडा. मफलरवाले म्हणतात, राग आमचा. आमचा कार्यकर्ता म्हणतो, राग त्यांचा. भांडण कुठंय? दोघांचं एकमत आहे! मी या एकमताच्या विरोधात लिहायला बसलोय.

आधी मपली गोष्ट सांगतो. शेखी म्हणून नाही, पुरावा म्हणून.

बहात्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. तेव्हा लोहा कंधार तालुक्यात होतं. मायबाप खडी फोडायला जायचे. त्या साली एका गायन पार्टीनं आमच्या वस्तीत पेटी गहाण ठेवली आणि ती सोडवायला कुणी आलंच नाही. भाता फाटका, पांढऱ्या पट्ट्या निम्म्या बसलेल्या. एक दाबली की दोन वाजायच्या. काळ्या तेवढ्या पाचही शाबूत. मग काय, मी काळ्याच वाजवायचो. दिवसभर. आणि संध्याकाळी मोंढ्यावरच्या हॉटेलाबाहेर उकिडवा बसून रेडिओ ऐकायचो. बुधवारी सिलोनवर अमीन सयानींची गीतमाला. कपबशी धुतली तर आत बसून ऐकायला मिळायचं.

एक दिवस काळी पाचवर सूर धरला, उरलेल्या काळ्या पट्ट्यांवर बोटं फिरवली, आणि अंगावर काटा आला. रेडिओवर ऐकलेलं ‘बैजू बावरा’मधलं ते भजन आपोआप निघायला लागलं. काही दिवसांनी काळी तीनवरून सुरू केलं, तर ‘भाभी की चूडियाँ’मधलं सकाळचं गाणं निघालं. काळी एकवरून धरलं, तर ‘गीत गाया पत्थरों ने’चं शीर्षकगीत. पाच पट्ट्या त्याच. आपण कुठं उभं राहायचं तेवढं बदललं, की सगळं गाणं बदलतंय! मला वाटलं, पेटीत भूत आहे.

लग्नात बँड वाजवणारे एक चाचा आमच्या वस्तीत सुपारी घ्यायला यायचे. त्यांनी ऐकलं. म्हणाले, “अरे बेटे, ये तो मालकंस है. तेरे कू कौन सिखाया?” मग काळी तीन ऐकली, म्हणाले, भूप. काळी एक ऐकली, म्हणाले, दुर्गा. तीन नावं मला एका दुपारी मिळाली. ज्या चाचांनी ती दिली त्यांच्या अंगावर बँडचा तांबडा कोट होता, त्याची एक बाही उसवलेली. पुढं कळलं की काळी दोनवरून धानी निघतो आणि काळी चारवरून मध्यमाद सारंगाचे सूर. पाचही काळ्या, पाचही राग. पांढऱ्या पट्टीची गरज पडली नाही.

पेटीवाले कुणी हे वाचत असतील तर आत्ता बोटं ठेवून बघा. खोटं असल तर मला पत्र लिहा.

मग मला शिकायची चटक लागली. जवळच्या एका गावात एक गायनाची शिकवणी होती. मी गेलो. आत तीन पोरं बसलेली. मास्तरांनी नाव विचारलं, आडनाव विचारलं, वस्ती विचारली. म्हणाले, “वर्ग भरलाय.” मी तीन पोरांकडं बघितलं, त्यांनीही माझ्याकडं बघितलं. मग मास्तर जरा मऊ आवाजात म्हणाले, “तुमच्यात बँड असतो ना? तिकडं शीक की.” त्या मास्तरांवर आता माझा राग नाही. पण ते दार मी विसरलो नाही. माझ्यासाठी जे दार बंद झालं त्याच्या बाहेर एकच खिडकी उघडी राहिली, ती म्हणजे सिनेमाचं गाणं.

हे माझ्या एकट्याचं नाही. महाराष्ट्रातल्या हजारो वस्त्यांत रागाची पहिली ओळख कुठल्या बुवाच्या बैठकीत झालेली नाही. ती हॉटेलातल्या रेडिओवर, तंबू टॉकीजमध्ये, लग्नाच्या बँडवर, कॅसेटवर झाली. भैरवी म्हणजे काय हे आम्हाला कुणी समजावलं नाही, पण १९३८ सालच्या ‘स्ट्रीट सिंगर’मधून सैगलच्या गळ्यातून ती फुकटात आमच्या म्हाताऱ्यांपर्यंत पोचली. शिवरंजनीचं नाव ठाऊक नसताना ‘मेरा नाम जोकर’मधलं आठवणींचं गाणं म्हणत आमच्या पिढीची निम्मी पोरं रडली. भूपाचा गंधार कोमल केला की शिवरंजनीचे सूर होतात. एक सूर अर्धी पायरी खाली सरकवला की सकाळचा आनंद संध्याकाळचा जीव घेतो. हे शास्त्र आम्ही आधी भोगलं, मग शिकलो. नाहीतर शिकलोच नाही.

आणि ही खिडकीसुद्धा बंद करायचा प्रयत्न झाला, हे नव्या पोरांनी ध्यानात ठेवावं. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, विद्वान माणूस. १९६२ पर्यंत ते त्या खात्यावर होते. सिनेमाच्या गाण्यानं लोकांची अभिरुची बिघडते म्हणून त्यांनी आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार केली आणि रागदारीचे तास वाढवले. लोकांनी काय केलं? काटा फिरवून सिलोन लावलं. शेवटी १९५७ च्या ३ ऑक्टोबरला सरकारलाच ‘विविध भारती’ काढावी लागली. आणि ज्या पेटीवर आमच्यासारख्यांचं सगळं शिक्षण झालं, ती पेटी तर त्यांच्याही आधी, १९४० पासून, आकाशवाणीवर अस्पृश्य होती. परदेशी वाद्य, त्यातून मींड निघत नाही, हे कारण. मींड निघत नाही हे खरं आहे. पण १९७१ च्या सुमाराला ती बंदी सैल होईपर्यंत कुणी हे विचारलं नाही, की तंबोरा घ्यायची ज्याची ऐपत नाही त्यानं सूर कशावर धरायचा.

यातली खरी गंमत सालाची आहे. १९५२ साली अभिरुची वाचवायला सिनेमाचं गाणं अडवलं, आणि त्याच १९५२ साली ‘बैजू बावरा’ आला. संगीत नौशाद यांचं. त्यात उस्ताद अमीर खाँ आणि पंडित दत्तात्रेय विष्णू पलुस्कर या दोन दिग्गजांची जुगलबंदी. आणि मालकंसातलं ते हरीचं भजन? लिहिलं शकील बदायुनींनी, चाल नौशाद यांची, गायलं महंमद रफींनी. तिघंही मुसलमान. हरीला काही अडचण झाल्याचं ऐकिवात नाही. पुढं १९५५ ला ‘झनक झनक पायल बाजे’त वसंत देसाईंनी अमीर खाँकडून अडाणा गाऊन घेतला. १९५६ ला ‘बसंत बहार’मध्ये शंकर-जयकिशननी भीमसेन जोशी आणि मन्ना डे यांना समोरासमोर बसवलं. १९६० च्या ‘मुगल-ए-आझम’मध्ये बडे गुलाम अली खाँ सोहनी गायले. त्यांनी एका गाण्याचे पंचवीस हजार रुपये मागितले आणि के. आसिफनी ते दिले, ही गोष्ट सगळ्या संगीतवाल्यांना पाठ आहे. म्हणजे जे संगीत बिघडवतात म्हणून ओरड होती, त्यांनीच खाँसाहेबांना भाकरी मोजून दिली, आणि खाँसाहेबांना आमच्या हॉटेलापर्यंत आणलं.

आता मूळ मुद्द्याकडं येतो. राग कुणाचा?

‘राग’ या शब्दाची व्याख्या करणारा आज हाती असलेला सगळ्यात जुना ग्रंथ ‘बृहद्देशी’. तो सहाव्या ते आठव्या शतकातला मानतात. ग्रंथकाराचं नाव मतंग. नावावरून जात काढायचा धंदा आमचा नाही, तो आम्ही ज्यांच्याशी भांडतो त्यांचा. पण लोह्याच्या मातंग वस्तीत हलगी शेकणाऱ्या पोरांना हे नाव कुणी सांगितलं नाही, एवढं मात्र सांगून ठेवतो. त्या ग्रंथाच्या नावातच ‘देशी’ आहे. आणि देशी कशाला म्हणायचं ते मतंगानं सांगितलंय, बायका, लेकरं, गुराखी आणि राजे आपापल्या मुलखात आपल्या मर्जीनं, प्रेमानं जे गातात ते. राजा शेवटी आलाय. गुराखी त्याच्या आधी.

रागांची नावं वाचा. पहाडी. मांड, राजस्थानातली. सोरठ, मुलतानी, जौनपुरी. अहीर भैरव, अहीर म्हणजे गुरं राखणारे. गुजरी तोडी, तिच्या नावात गुजर. ही गावांची आणि जमातींची यादी आहे, कुठल्या पेठेची नाही. कुमार गंधर्व देवासला आजारी पडले, तिथं माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत पडून राहिले, आणि त्या धुनांतून त्यांनी नवे राग उभे केले. त्यांनी ते लपवलं नाही. त्या रागांना त्यांनी ‘धुनउगम राग’च म्हणलं. धून आधी, राग मागून. रानातलं झाड आधी, वनस्पतिशास्त्र मागून.

बरं, हे झाड जगवलं कुणी? उस्तादांच्या घराण्यांनी, आणि ज्यांचं नाव घ्यायला सभ्य घरं लाजायची त्या बायकांनी. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दोघी गोव्याच्या कलावंत समाजातल्या. देवळाच्या सेवेला बांधलेल्या बायकांचा तो समाज. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर यानं अवकाशात सोडली, त्यावर पृथ्वीची ओळख म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवली. तिच्यात हिंदुस्थानचा आवाज म्हणून गेली ती केसरबाईंची भैरवी. मोगूबाईंची लेक किशोरी आमोणकर. मी काळी एकवरून वाजवत होतो ते दुर्गातलं गाणं १९६४ साली गायलं ते त्यांनीच. त्यावर आई म्हणाली, सिनेमात गाणार असशील तर माझ्या तंबोऱ्यांना हात लावू नकोस. सोसलेल्या बाईला प्रतिष्ठा किती जपावी लागते ते यातून दिसतं. मी मोगूबाईंना दोष देत नाही. आणि माळेगावच्या तंबूत जे गाणं चालू होतं, ते मूळ गाणाऱ्या लताबाई? त्यांचे वडील मास्टर दीनानाथ, आणि दीनानाथांच्या आई येसूबाई याच कलावंत परंपरेतल्या. म्हणजे मफलरवाले काका, तुम्ही ज्या पोरीला “कळत नाही” म्हणालात, ती परक्याच्या घरातलं उचलत नव्हती. आजीच्या घरात गेली होती.

मग मालकी बदलली कधी? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. १९०१ ला विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. भातखंड्यांनी गावोगाव फिरून उस्तादांकडच्या चिजा गोळा केल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली, १९१६ ला बडोद्यात पहिली संगीत परिषद भरवली, क्रमिक पुस्तकांचे सहा भाग छापले. हे काम मोठं आहे. मी थुंकणार नाही त्याच्यावर. घराण्यानं कुलुपात ठेवलेली चीज छापली गेली, चार आण्याला का होईना बाहेर आली, हे आमच्या फायद्याचंच. छापील पुस्तक कुणाचं आडनाव विचारत नाही. पण पुस्तक छापलं आणि वर्ग मात्र पेठेत भरवला. उस्ताद अडाणी ठरला, तवायफ बदनाम ठरली, आणि त्यांच्याकडून घेतलेली विद्या ‘आपली थोर परंपरा’ ठरली. चोरी म्हणत नाही. पण वाटणीत आम्हाला बोलावलं नाही, हे म्हणणारच.

वाद्यांचंही तेच. तबला असो, पखवाज असो, ढोलकी असो, वर चामडं आहे. मेलेलं ढोर ओढणारा, कातडं कमावणारा, ते ताणून सुरात आणणारा कोण आहे? दक्षिणेतले गायक टी. एम. कृष्णा यांनी मृदंग बनवणाऱ्या कारागिरांवर २०२० साली ‘सेबास्टियन अँड सन्स’ हे पुस्तक लिहिलं. त्या कारागिरांत बहुतेक दलित ख्रिस्ती. चेन्नईच्या कलाक्षेत्र संस्थेनं त्या पुस्तकाच्या प्रकाशनाला दिलेला हॉल ऐनवेळी काढून घेतला. बोटं चामड्याला लागलेली चालतात, पुस्तकात नाव लागलेलं चालत नाही. आपल्याकडं मिरजेत सतार-तंबोरे घडवणाऱ्या घराण्यांचे पूर्वज हत्यारं घडवणारे होते. २०२४ साली त्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. उशिरा का होईना, हाताला नाव मिळालं.

आता कुणी म्हणल, संपादक सिनेमाचा दलाल झाला. तसं नाही. सिनेमा काही आमचा मामा नाही. त्यानं लावणी नेली, कोळीगीत नेलं, गोंधळ नेला. ‘सांगत्ये ऐका’ १९५९ ला, ‘पिंजरा’ १९७२ ला, तुफान चालले. तमाशा पडद्यावर सोन्याचा झाला, आणि विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, जिला राष्ट्रपतींनी गौरवलं, ती २००२ साली हलाखीत गेली. यमुनाबाई वाईकर बैठकीच्या लावणीत रागाचा एकेक पदर उलगडून दाखवायच्या. त्यांना पद्मश्री मिळाली २०१२ साली. तेव्हा वय शहाण्णव. सिनेमाच्या पाटीवर संगीतकाराचं नाव मोठं येतं, हलगी वाजवणाऱ्याचं येतच नाही. ‘फँड्री’तल्या जब्याच्या हातात हलगी दिसायला २०१४ साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी कॅमेऱ्यामागं नागराज मंजुळे उभा असावा लागला.

आणि सिनेमातला राग पूर्ण राग नसतो, हेही कबूल करायला पाहिजे. जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात मुखडा, अंतरे, मधलं वाद्यांचं संगीत. आलाप चार सेकंदांचा. संगीतकाराला प्रसंग महत्त्वाचा, म्हणून तो मधीच परका सूर लावतो, राग मोडतो, दोन राग मिसळतो. तो त्याचा हक्क आहे. पण आम्ही तेवढ्यावर थांबलो तर आमचं नुकसान आहे.

कसं ते सांगतो. ‘भाभी की चूडियाँ’ १९६१ चा. चाल सुधीर फडक्यांची. ते सकाळचं गाणं कुणी भूप म्हणतं, कुणी देसकार. दोन्हीत सूर तेच पाच. पट्ट्या त्याच. पण भूप संध्याकाळचा, गंधारावर विसावतो. देसकार सकाळचा, धैवतावर वरच्या अंगानं खेळतो. पट्ट्या म्हणजे राग नव्हे, हे मला फार उशिरा कळलं. तो फरक पेटी दाखवत नाही, रेडिओ सांगत नाही. तो समोर बसवून, कानाला धरून शिकवावा लागतो. मला कुणी बसवलं नाही. पन्नास वर्षं मी त्या पाच काळ्या पट्ट्यांवर फिरतोय, आणि त्या दोघांच्या मधली पायवाट मला नीट पायाखालची झाली नाही. बंद दारानं माझं नेमकं काय नेलं म्हणाल, तर हे नेलं. भाकरी मी मिळवली, नोकरी मिळवली, हे नाही मिळालं.

म्हणून त्या तरण्या कार्यकर्त्याला माझं सांगणं आहे. बाबा, तुझा संताप खरा आहे, पत्ता चुकलाय. पाणी बामणाचं नव्हतं, तळं बामणाचं नव्हतं. म्हणून तर १९२७ ला महाडला आपण ओंजळ भरली. ‘ते त्यांचं तळं आहे, आपल्याला आपली डबकी बास’ असं कुणी म्हणलं नाही. मग सुराच्या तळ्यापाशी येऊन तू माघारी कामून फिरतोस?

आपल्या शाहिरांकडं बघ. वामनदादा कर्डक गावोगाव गायले. त्यांच्या पिढीनं चालत आलेली प्रत्येक चाल वापरली, ओवीची, लावणीची, कव्वालीची, आणि सिनेमाचीसुद्धा. सिनेमाच्या चालीवर भीमगीत बांधलं म्हणून पेठेतल्या टीकाकारांनी नाकं मुरडली, उसनी चाल म्हणाले. उसनी कुणाची? ज्या संगीतकारानं ती रागातून घेतली, त्यानं रागाला भाडं दिलं होतं का? शाहिरानं चाल उचलली आणि तिच्यावर माणूस उभा केला. नकळत त्यानं आणखी एक काम केलं. यमन, पिलू, भैरवी, पहाडी हे सगळे त्यानं आपल्या वस्तीत आणून सोडले. आज मात्र जयंतीला डीजेच्या भिंती लावून आपण आपलेच कान फोडून घेतोय. त्या दणक्यात हलगीही ऐकू येत नाही आणि शाहीरही. हलगी आपली म्हणतोस ना? मग तिलाच कुणी मारली ते बघ.

हलगी शिकायची, आणि मालकंसही शिकायचा. यात ‘किंवा’ नाही. मराठीत राग म्हणजे संताप. तो आपल्याकडं भरपूर आहे आणि तो कमी करायचं काही कारण दिसत नाही. पण नुसत्या संतापाला सूर नसला की तो घसा बसवतो आणि बाकी जग झोपून राहतं.

तर मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे, आणि अंक हातात पडल्यावर तुम्हीही तुमच्या गावात मांडा.

एक. पुतणीची फी आणि एसटीचं भाडं वर्गणीतून जाईल. ती माझी पुतणी आहे म्हणून नको. वस्तीतल्या ज्या लेकराला शिकायचंय त्या प्रत्येकाचं जाईल. त्यासाठी या साली डीजे लागणार नाही.

दोन. विहारात एक नवी पेटी, एक तबल्याची जोडी, एक हलगी, कायमची. संध्याकाळी दोन तास. कुणाचं आडनाव विचारायचं नाही. सुरुवात सिनेमाच्या गाण्यापासून करायची. आधी गाणं, मग त्यातले सूर, मग नाव, मग त्याच रागातलं दुसरं गाणं, मग चीज. ज्या वाटेनं आम्ही चुकतमाकत आलो, तीच वाट नीट झाडून पोरांना द्यायची. पट्ट्या मी शिकवीन. पुढचं शिकवायला मी नांदेडच्या एका गवयांना विचारलंय, महिन्यातून दोन रविवार यायला ते तयार आहेत. वर्गात भूप आणि देसकार शिकवतील तेव्हा मीही पोरांच्या मागं सतरंजीवर बसणार आहे. हसायचं असल त्यानं हसावं.

तीन. पुढच्या मार्गशीर्षात माळेगावला आपल्या मासिकाची पाल पडेल. तिथं फडातल्या, पालातल्या, बँडमधल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची नावं लिहून घ्यायची. कोण काय गातं, कुणाकडून शिकलं, कुठल्या सिनेमातून उचललं आणि मूळ चाल कुठली होती. त्यांच्या परवानगीनं छापायची. नाव हीच मालकी असेल तर आमच्या माणसांना नाव मिळालं पाहिजे.

कालच पुतणीला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, “काका, हे छापण्याआधी ती जुनी पेटी दुरुस्त करा. पांढऱ्या पट्ट्या लागतात की मला.”

लागतात. बाराही सूर लागतात. पेटी उद्या नांदेडला दुरुस्तीला जाते.

जय भीम.